दवाखान्याचं शेपूट का हललं

शिवऱ्याच्या माझ्या गॅरेजपासून दोनशे पावलांवर डोळ्यांचा दवाखाना रस्ता सोडून गवतात उतरला होता.

मी धावत पोचलो तेव्हा डॉक्टर मुजुमदारबाई मैलाच्या दगडावर बसून पाणी पीत होत्या. सिंधू सिस्टर चष्म्यांचे खोके उघडून किती फुटले ते बघत होत्या. ड्रायव्हर ज्ञानोबा जीपच्या बॉनेटवर दोन्ही हात टेकून उभे होते आणि कोणाकडेच बघत नव्हते. कोणाला खरचटलंही नव्हतं. जीप रस्त्यावरच होती. तिच्यामागे जोडलेली दवाखान्याची पेटी मात्र अर्धी गवतात गेली होती, आणि डांबरावर तिच्या टायरांच्या काळ्या, नागमोडी रेघा उमटल्या होत्या.

"किती होता स्पीड?" मी विचारलं.

"पन्नास. त्याच्या खालीच आसंल, वर न्हाई."

मी त्या रेघांकडे बघितलं आणि मनात म्हटलं, ज्ञानोबा, ही थाप दुसऱ्या कुणाला तरी मारा. हायवेला लागल्यावर स्पीड किती होता, या प्रश्नाला कोणताही ड्रायव्हर खरं उत्तर देत नाही. माझा तसा अनुभव होता. शिवाय पन्नासचा आकडा माझाच होता, त्यामुळे तो चुकणं शक्यच नव्हतं.

आता ही पेटी म्हणजे काय ते सांगायला हवं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. पुण्यातली एक संस्था भोर-वेल्ह्याच्या गावांत डोळे तपासायची शिबिरं घेत असे. दर वेळी मशिनं जीपमध्ये भरायची, शाळेच्या खोलीत मांडायची, पुन्हा भरायची. दोन खेपांत मशिनं वेडेवाकडे आकडे दाखवू लागत. संस्थेचे विश्वस्त भाऊसाहेब एकदा मुलीकडे परदेशी गेले, तेव्हा तिथले लोक सुट्टीत चाकांवरचं घर गाडीमागे बांधून फिरतात हे त्यांनी पाहिलं. परत आल्यावर त्यांना कळलं, की पुण्यातच एका बंगल्याच्या आवारात असलं एक घर पडून आहे. मालकाला ते हौसेने आणल्याचा पश्चात्ताप झाला होता. त्याने ते संस्थेला देऊन टाकलं आणि भाऊसाहेबांनी ते माझ्याकडे पाठवलं.

मी एसटीच्या वर्कशॉपमध्ये शिकलेला माणूस. नाव रफीक, पण भोरपासून खेड शिवापूरपर्यंत सगळे मिस्त्रीच म्हणतात. मी त्या घरातले पलंग काढले, डॉक्टरांची खुर्ची पक्की केली, मशिनांना रबरावर बसवलं. जीपला मागे हूक लावला. पेटीच्या पुढे एक लोखंडी दांडा असतो, तो उचलून या हुकावर बसवायचा आणि खटका लावायचा, की पेटी जीपच्या मागे चालू लागते. पेटीला मधोमध दोनच चाकं. वजन अकराशे किलोच्या आसपास.

शेवटी हौसेने एक गोष्ट मी जास्तीची केली. पेटीच्या अगदी मागच्या टोकाला, बाहेरून उघडणारा एक लांबलचक पत्र्याचा कप्पा बसवला. जॅक, दोर, चाकाला लावायचे ओंडके असली घाण आत कशाला न्यायची? कप्प्याला कुलूप ठेवलं नाही, कारण त्यात चोरण्यासारखं काही असणारच नव्हतं. बाईंनी कौतुक केलं. मीही बरेच दिवस गिऱ्हाइकांना तो कप्पा उघडून दाखवत होतो.

मग प्रश्न आला, ही गाडी हायवेला किती स्पीडने न्यायची? गावाकडच्या रस्त्याला हा प्रश्नच नसतो. तिथे खड्डेच स्पीड ठरवतात. पण कापूरहोळला हायवे लागला की मागून ट्रक हॉर्न मारतात, एसटी घासून पुढे जाते, आणि ड्रायव्हरचा पाय आपोआप खाली जातो.

नुसती जीप सत्तरने सुखात चालते. मागे पेटी आली की थांबायला जागा जास्त लागते, कारण पाठीमागून अकराशे किलो ढकलत असतात. पण खरी भीती ती नव्हे. अशा पेटीचा एक ठरावीक वेग असतो. त्याच्या पुढे गेलं की ती डावीकडे-उजवीकडे डुलायला लागते. आम्ही त्याला शेपूट हलवणं म्हणतो. मोठी गाडी जवळून गेली, की तिच्या वाऱ्याच्या धक्क्याने ते सुरू होतं आणि प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा येतो. तेव्हा घाबरून ब्रेक मारायचा नाही. जीप थांबते, पेटी थांबत नाही. पाय फक्त वर घ्यायचा, स्टीअरिंग सरळ धरायचं आणि वेग मरायची वाट बघायची.

एका रविवारी सकाळी सगळी मशिनं भरून आम्ही निघालो. ज्ञानोबा चालवत होते, मी शेजारी बसून काट्याकडे बघत होतो. चाळीस, पन्नास, साठ, काही नाही. पासष्टला एक ट्रक शेजारून गेला आणि शेपटाने पहिला झोका दिला. मी म्हटलं, बास. वर्कशॉपमधल्या माझ्या उस्तादांचा नियम होता, जिथे पोटात गोळा येतो तिथून पंधरा खाली. म्हणजे पन्नास. सिंधू सिस्टरकडून नेलपॉलिश मागून घेतलं आणि स्पीडच्या काचेवर पन्नासवर लाल रेघ मारली.

"ह्या रेघेच्या पुढं जायचं न्हाई," मी सांगितलं.

"न्हाई जायाचो," ज्ञानोबा म्हणाले.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. पेटी हिर्डोशीला गेली, पालीला गेली, बिनतक्रार परत आली. आणि दिवाळीनंतर, भातं घरात आल्यावर, ही गवतात उतरली.

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब स्वतः गॅरेजवर आले. शिस्तीचा माणूस. खुर्ची दिली तरी उभेच राहिले.

"मिस्त्री, मला एकच सांगा. खोट पेटीत आहे की ड्रायव्हरमध्ये?"

मी सकाळपासून पेटीखाली झोपलो होतो. बेअरिंग बघितलं, टायर बघितले, हूक बघितला, दांड्याचं वेल्डिंग ठोकून बघितलं. सगळं ठणठणीत. छाती पुढे काढून मी सांगितलं, "पेटीत खोट नाही."

"मग या महिन्याच्या शेवटी ज्ञानोबांना मोकळं करतो. डॉक्टर आणि सिस्टर मागे बसतात त्यांच्या. माझा इलाज नाही."

हे बोलणं होईपर्यंत ज्ञानोबा दारातच उभे होते. हिर्डोशीच्या वरच्या एका वाडीचा हा माणूस. भाऊ मेंढरं राखायचा, यांनी वीस वर्षं ट्रक चालवला, एक ओरखडा नाही. पन्नाशी उलटलेली. त्या वयात बेफाम चालवतो म्हणून काढलेल्या ड्रायव्हरला कोण ठेवणार? भाऊसाहेब गेल्यावर ते माझ्याजवळ आले.

"मिस्त्री, तुमी एकडाव माज्यासंगं चला. जाताना न्हाई. माघारी येताना."

"जाणं-येणं एकच की वो. रस्ता त्योच, गाडी तीच."

"न्हाई. जाताना ती गाय आसती. येताना खोंड हुती."

मी हसलो. आज त्याची लाज वाटते, पण तेव्हा हसलो हे खरं आहे. तरी माणूस इतका कळवळून सांगतोय म्हणून पुढच्या बुधवारी गॅरेज बंद ठेवलं आणि हिर्डोशीच्या शिबिराला गेलो.

जाताना पेटी खरंच गायीसारखी आली. पन्नासच्या रेघेला काटा टेकवून ज्ञानोबांनी मला दाखवलं. मागे चिडीचूप.

हिर्डोशीला शाळेच्या मैदानात पेटी लावली. दारावर भाऊसाहेबांनी लिहून घेतलेली पाटी होती, 'येथे कोणत्याही प्रकारची भेट स्वीकारली जात नाही.' ज्यांना जवळचं दिसत नाही त्यांच्यासाठी ही पाटी बारीक अक्षरात होती. धोंडाबाई नावाच्या एक आजी, दोन महिन्यांपूर्वी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या, तपासणीला आल्या होत्या. मला जवळून न्याहाळत म्हणाल्या, "मिस्त्री, तुमची दाडी पांढरी झाली की वं. मला तर काळीच दिसायची."

"आजी, ती पैल्यापासनंच पांढरी हाय. आता तुमाला दिसाय लागलं."

त्यांच्या काखेत गाठोडं होतं. ते त्यांनी बाईंपुढे ठेवलं. बाईंनी पाटीकडे बोट दाखवलं.

"मला वाचाय कुठं येतंय," आजी म्हणाल्या. "नव्या घेवड्याचा वानवळा हाय. घरचं हाय, लेकीला देतो तसं."

वानवळा कशाला म्हणतात हे आमच्या भागात कोणाला सांगावं लागत नाही. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. शेतात नवं काही पिकलं की त्यातलं थोडं आपल्या माणसांच्या घरी पोचवायचं. त्याची किंमत करायची नाही आणि घेणाऱ्याने नको म्हणायचं नाही. नको म्हणणं म्हणजे तुम्ही आमची माणसं नाही असं सांगणं. बाईंनी तरी हात जोडले. आजींनी गाठोडं उचललं आणि पेटीला वळसा घालून मागच्या बाजूने गेल्या. थोड्या वेळाने रस्त्याला लागल्या तेव्हा हात मोकळे होते.

खरं सांगायचं तर मी दिवसभर गाठोडी घेऊन आलेली माणसं मोकळ्या हातांनी परत जाताना बघत होतो. बघून काय उपयोग? मी टायरातली हवा मोजत होतो.

चारला निघालो. भोर मागे पडलं, कापूरहोळला हायवे लागला. ज्ञानोबांनी चाळीस धरला. मग पंचेचाळीस. मग काटा लाल रेघेच्या जरा अलीकडे आणून ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता बगा."

पुढे जरासा उतार होता. मागून एसटी आली, हॉर्न मारून शेजारून गेली. आणि कोणीतरी पेटीला बाजूने लाथ घालावी तशी जीपची मागची बाजू हलली. एकदा डावीकडे. मग उजवीकडे, जास्त. आरशात पेटी दिसायची आणि नाहीशी व्हायची. माझा हात दरवाज्याच्या कडीवर आवळला गेला. ज्ञानोबांनी पाय वर घेतला, स्टीअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरून ठेवलं, ब्रेकला शिवलेसुद्धा नाहीत. हळूहळू शेपूट शांत झालं. काटा तीसवर आला. त्या सगळ्या वेळात तो एकदाही लाल रेघेच्या पुढे गेला नव्हता. मी डोळ्यांनी बघत होतो.

मला वाटलं आता ते म्हणतील, बघितलं? त्यांनी फक्त कपाळावरचा घाम पुसला. एका चांगल्या ड्रायव्हरला मी मनातल्या मनात खोटारडा ठरवून मोकळा झालो होतो, आणि तोच आत्ता मला आणि मागच्या दोघींना सांभाळून नेत होता. मला फार शरम वाटली.

तीसच्या स्पीडने गॅरेजवर आलो. पेटी सोडवून तपासायची म्हणून मी खटका उघडला आणि दांडा उचलायला वाकलो. एरवी हा दांडा हुकावरून उचलायला दोघं लागतात आणि दोघंही कण्हतात. मी एक हात घातला तर तो वर आला. रिकाम्या बादलीसारखा.

मी तसाच दांडा हातात धरून उभा राहिलो.

"ज्ञानोबा, हा येवडा हलका कसा?"

"येताना हलकाच आसतो. बरं पडतं, एकट्याला सुटतो."

इथे सगळं प्रकरण उलगडलं. दोन चाकांच्या पेटीचा थोडा भार पुढच्या दांड्यावर, म्हणजे हुकावर पडलाच पाहिजे. एकूण वजनाचा दहावा हिस्सा, किंवा थोडा जास्त. तो भार पेटीला जीपच्या मागे सरळ धरून ठेवतो. वजन चाकांच्या मागे गेलं की दांडा हलका होतो, आणि मग जी पेटी पासष्टपर्यंत शहाण्यासारखी चालते ती पंचेचाळीसलाच डुलायला लागते. मी पेटीत खोट शोधत होतो, पण पेटीत कुठे काय ठेवलंय हे बघितलंच नव्हतं.

मी हे समजावून सांगत होतो तोवर ज्ञानोबांनी कपाळावर हात मारला.

"म्हंजी उलाळ झाली म्हना की."

बैलगाडीत माल मागे जास्त भरला की जू बैलांच्या मानेवरून वर उठायला लागतं, तिला उलाळ गाडी म्हणतात. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. "बैलगाडी आसती तर म्या बगताच वळखलं आसतं," ज्ञानोबा म्हणाले. "हिला मोटर लावलीया म्हनून डोकंच चाललं न्हाई." माझंही तेच झालं होतं.

आम्ही पेटीच्या मागे गेलो आणि माझा लाडका कप्पा उघडला.

तांदळाच्या चुंगड्या. नाचणीच्या पिशव्या. चार भोपळे. घेवड्याचं गाठोडं, त्यावर धोंडाबाईंच्या लुगड्याची चिंधी बांधलेली. तुपाची बरणी, गवतात गुंडाळलेली. आणि सगळ्यांच्या खाली एक नवाकोरा दगडी पाटा, वरवंट्यासकट. माझा जॅक कोपऱ्यात अंग चोरून बसला होता.

बाई, सिस्टर आणि ज्ञानोबा तिघंही एकमेकांकडे बघेनात.

"एक चुंगडी मी ठेवायला सांगितली होती," बाई हळूच म्हणाल्या. "फक्त एक. त्या गृहस्थांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि नुकतं ऑपरेशन झालेल्या डोळ्यांना रडणं चांगलं नाही."

"भोपळे मी घेतले," सिस्टर म्हणाल्या. "आणि थोडी नाचणी."

"दोन चुंगड्या म्या ठिवल्या," ज्ञानोबा म्हणाले. "चुलतीनं दिल्या. न्हाई कसं म्हनायचं?"

"आणि बाकीचं?"

बाकीचं लोकांनीच ठेवलं होतं. पुढे पाटी होती म्हणून ते मागे गेले, आणि मागे कमरेइतक्या उंचीवर, बिनकुलपाचा, ऐसपैस कप्पा तयार होता. प्रत्येकाला वाटत होतं आपणच तेवढं ठेवलं. पुण्यात पोचल्यावर सिस्टर सगळं संस्थेच्या तिथल्या मोठ्या दवाखान्याच्या स्वयंपाकघरात देत, ऑपरेशनच्या पेशंटांच्या जेवणासाठी. त्यांनाही वाटे, हे बाईंनी घेतलेलं असणार.

"मिस्त्री, हा कप्पा कोणी केला हो?" बाईंनी विचारलं.

तिघंही माझ्याकडे बघत होती.

शेजारच्या किराणा दुकानातला वजनकाटा आणून एकेक चुंगडी मोजली. पाट्यासकट एकशे अडुसष्ट किलो. पेटीच्या पार शेपटीला. मग तोच सगळा माल आत, चाकांच्या पुढे रचला. दांडा पुन्हा दोघांना कण्हायला लावण्याइतका जड झाला. हायवेला नेऊन ज्ञानोबांनी पन्नास धरला, दोन ट्रक घासून गेले, पेटी हलली नाही.

शनिवारी भाऊसाहेब आले. मी त्यांना खुर्ची दिली नाही, सरळ मुद्द्यावर आलो.

"खोट पेटीत नाही आणि ड्रायव्हरमध्ये तर मुळीच नाही. माझ्यात आहे. पन्नासचा आकडा मी जातानाच्या वजनावर काढला आणि येताना वापरायला सांगितला. कप्पाही मीच केला. ज्ञानोबांनी दोनदा गाडी सांभाळली म्हणून आपण आज बोलतोय. त्यांना काढणार असाल तर आधी मला काढा."

भाऊसाहेब ज्ञानोबांकडे वळले. "ज्ञानोबा, माझी चूक झाली." एवढंच म्हणाले, पण चारचौघांत म्हणाले. ज्ञानोबांनी मान खाली घातली आणि टोपी सारखी केली.

मग भाऊसाहेबांना नियम आठवला. "पण भेट घ्यायची नाही असं ठरलं होतं. हे आजपासून कडक बंद."

"बंद करू," बाई म्हणाल्या. "फक्त गेल्या आठवड्यात दवाखान्यात जेवलात तेव्हा तुम्ही तीनदा भात मागून घेतला. कुठून आणता हा तांदूळ, म्हणून विचारलंत. ते सांगायचं राहिलं."

भाऊसाहेबांनी पेटीच्या पाटीकडे बघितलं. मग पहिल्यांदाच माझ्या खुर्चीत बसले आणि हसायला लागले.

ती पाटी मीच नव्याने रंगवली, मोठ्या अक्षरात. 'भेट मागच्या कप्प्यात ठेवू नये. ड्रायव्हरकडे द्यावी.' मागच्या कप्प्याला कुलूप लागलं आणि किल्ली ज्ञानोबांच्या करगोट्याला गेली. वानवळा आत, चाकांच्या पुढे, चाळीस किलोपर्यंत. जास्त झालं तर एसटीने मागून येईल. आणि निघण्याआधी एक परीक्षा ठरली, दांडा एकट्याला उचलता आला तर गाडी हलवायची नाही. लाल रेघ पन्नासवरच राहिली, पण तिच्याखाली मी बारीक अक्षरात लिहिलं, 'दांडा जड असेल तरच.' पुढच्या खेपेला धोंडाबाईंना पाटी वाचता आली नाही. त्या सवयीने मागे निघाल्या, तर ज्ञानोबा आडवे आले, "आजी, फुडं. मागनं बंद झालंया."

माझ्या धंद्याला यातून मिळालेला धडा कोरडाच आहे. वेग गाडीचा नसतो, त्या दिवशीच्या ओझ्याचा असतो, आणि ओझं निघताना मोजलं म्हणून येताना तेवढंच राहत नाही.

ज्ञानोबांनी ती पेटी पुढे नऊ वर्षं चालवली. ओरखडा नाही. निवृत्त झाले त्या दिवाळीनंतर मला वाडीवर बोलावून घेतलं, जेवायला घातलं आणि निघताना नव्या तांदळाची चुंगडी आणली. मी स्कूटरच्या मागच्या कॅरिअरला दोरी सोडायला लागलो, तर त्यांनी माझा हात धरला आणि चुंगडी पुढे, माझ्या पायांशी ठेवली.

"मागं नगं, मिस्त्री," ते म्हणाले. "उलाळ हुईल."